चुली एकसष्ट, माणसं किती?

आदिलाबादच्या वसतिगृहातल्या आमच्या खोलीत आम्ही तिघी होतो. एक हैदराबादची, तिचे वडील नोकरीसाठी आमच्या जिल्ह्यातल्या कोळशाच्या खाणीवर आलेले. एक निर्मलची, तिच्या घरी लाकडी खेळण्यांना रंग द्यायचं काम चाले. आणि तिसरी मी, बेल्याच्या पुढच्या, पार महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेल्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मला आजही थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण लोकांना वाटतं मी काही मोठेपणा सांगते आहे. तसं नाही. पहिली असल्यामुळे मला कुणी काही आधी सांगितलेलं नसे, एवढंच.

आम्ही आपसात हिंदी बोलायचो, कारण माझी तेलुगू शाळेतल्या चार वाक्यांपुढे गेली नव्हती. संध्याकाळी चहा घेताना त्या दोघींचा एक ठरलेला वाद असे: कुणाचं गाव मोठं.

"हमारे मोहल्ले में जित्ते लोगां हैं ना, उत्ते तुम्हारे पूरे निर्मल में नहीं रहते," हैदराबादची म्हणायची.

"तुम्हारे मोहल्ले का नाम कौन जानता? निर्मल का नाम सब जानते," निर्मलची फणकारायची.

एकदा मग दोघी माझ्याकडे वळल्या. "और तेरे गाँव में?"

मी अगदी खरं सांगितलं. "एकसठ चूल्हे."

हैदराबादची इतकी हसली की तिचा चहा अंगावर सांडला. "चूल्हे नहीं पूछी मैं, लोगां पूछी! लोगां!"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला माझ्या गावात माणसं किती आहेत ते माहीत नाही. मला चुली माहीत होत्या. आमच्याकडे कुणाच्या घरी लग्न निघालं की चूलबंद आवतण देतात. म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायला यायचं. त्यामुळे किती चुली बंद होणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. कढईत डाळ किती टाकायची ते त्यावरच ठरतं. माणसं मोजायची गरजच कुणाला पडलेली नव्हती. पण मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊन बसले होते. लोकसंख्येवर मी वीस मार्कांचं उत्तर लिहू शकत होते, आणि माझ्याच गावाचा आकडा मला येत नव्हता. मला त्या दोघींचा राग आला नाही, स्वतःचा आला.

तरी ते तिथेच राहिलं असतं. पण त्याच हिवाळ्यात बाचा निरोप आला. बा म्हणजे माझे वडील. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं पोस्टकार्ड होतं. धाकटी बहीण यंदा पाचवी होईल, गावातली शाळा पाचवीपर्यंतच, पुढची बेल्याला. बेला सात किलोमीटर. "बसचं कायी होते का पाय. नायी तं तिले घरीच ठेवू, कापूस वेचाले होईल." मास्तरांनी बाचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते.

मी स्वतः बेल्यात मामाकडे राहून शिकले होते. आता मामाचं घर त्याच्याच चार लेकरांनी भरलं होतं. बहिणीसाठी तिथे जागा नव्हती. म्हणजे जून महिन्याच्या आत बस आली तर ती सहावीत जाणार, नाही तर जाणार नाही. इतकं साधं होतं ते.

मी अर्ज लिहिला. निर्मलच्या मैत्रिणीने तो तेलुगूत उतरवला. तो घेऊन मी बस डेपोत गेले. तिथल्या बाबूने अर्ज वरून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "आबादी कित्ती?"

माझ्या तोंडावर पुन्हा चुलीच आल्या होत्या. मी त्या गिळल्या. "चार-पाचशे असेल," मी म्हटलं.

"असेल बोले तो नहीं चलता अम्मा. मंडल ऑफिस से कागज लाओ. और पाँच सौ के अंदर है तो बस का नाम मत लो."

मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीत, मी आधी तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा जेवायची सुट्टी, आणि ती सुट्टी परतीची बस निघेपर्यंत संपलीच नाही. तिसऱ्यांदा एका वयस्कर कारकुनाने एक भलंमोठं रजिस्टर काढलं, गावांच्या नावांवरून बोट फिरवलं आणि आमच्या गावावर थांबवलं.

"ये देखो. बेचिराग."

"म्हणजे?"

"चिराग नहीं जलता. वहाँ कोई रहता नहीं."

"मी राहते ना तिथे!"

"तुम तो अभी बोले, आदिलाबाद के हॉस्टल में रहते."

त्याने ते चेष्टेने म्हटलं नव्हतं. त्याला खरोखरच माझ्या बोलण्यात विसंगती दिसत होती. मी माझ्या आईवडिलांचं, बहिणीचं, शेजाऱ्यांचं सांगत राहिले, आणि तो रजिस्टरावर बोट ठेवून बसून राहिला. त्याचं बोट सरकत नव्हतं आणि माझी बस चुकत होती.

घरी आल्यावर मी आजोबांच्या वयाच्या एका काकांना विचारलं, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांना इतकं साधं वाटत होतं की मला डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला.

"आपलं गाव पयले नाल्याच्या काठाले होतं. पुरात दोनदा घरं वाहून गेली. मंग आमचे बाप वरच्या खडकावर येऊन बसले."

"हो, पण कागदावर सांगितलं का कुणाला?"

"काय सांगाचं? मारोती उचलून आणला, नाव आणलं, माणसं आणली. अजून काय रायते मांगं?"

मागे जमीन राहिली होती. सरकारच्या लेखी गावाचं नाव त्या जमिनीचं होतं, आणि त्या जमिनीवर आता कापूस आणि ज्वारी होती, माणूस नव्हता. आम्ही ज्या खडकावर बसलो होतो तो शेजारच्या मोठ्या गावाच्या शिवारातला. म्हणून आम्ही सगळे जन्मल्यापासून त्या गावात मोजले जात होतो. गेल्याच जनगणनेत मोजायला आलेल्या मास्तरांनी घराघरावर आकडे लिहिले होते, ते अजून भिंतींवर दिसत होते. पण ते आकडे कुठल्या गावाचे, हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आपलेच.

हे घेऊन मी चौथ्यांदा मंडल ऑफिसात गेले तेव्हा कारकुनाने एकच वाट सांगितली: घराघरातल्या माणसांची यादी करा, शेजारच्या गावच्या सरपंचांची त्यावर सही आणा, मग बघू. संक्रांतीच्या सुट्टीत मी दोनशे पानी वही घेऊन गाव मोजायला निघाले.

आता मला वाटतं, त्या चार दिवसांत मी जेवढी वैतागले तेवढी पुढे नोकरीतही कधी वैतागले नाही.

पहिल्याच घरी काकू कापूस वेचायला निघाली होती. कमरेला ओटी बांधलेली.

"घरात माणसं किती, काकू?"

"तुले मायीत नायी का वं? येथंच खेळून मोठी झाली तू."

"माहीत आहे, पण लिहायचं आहे."

"मंग लिही ना. मले काऊन इचारते?"

दुसऱ्या घरी सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिला धरायचं की नाही? सासू म्हणाली, धर. सासरा म्हणाला, तिकडे धरतील. मी म्हटलं, महिन्याभरात इथेच येणार ना? सासरा म्हणाला, "येईन तवा धर. तुही यादी का पळून जाऊन राह्यली?" आणि पोटातलं? यावर सासूने माझ्या हातातली वहीच बंद केली. न जन्मलेल्या लेकराचा आकडा लिहायचा नसतो.

एका घरी पाच मुलं अंगणात माझ्या डोळ्यांसमोर खेळत होती आणि त्यांची आई म्हणत होती, तीन.

"मावशी, पाच आहेत. ही बघा."

"दोन भाच्चे हायत."

"कुणाचे?"

"तू इतकी शिकली, तुले हेच शिकवलं का, दुसऱ्याची लेकरं मोजाले?" मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात: "मोजलं म्हंजे नजर लागते वं. आन त्या दवाखान्यावाल्या बाया येतात, दोनावर काऊन गेली म्हून. तीन लिही बापा."

मी पाच लिहिले. मग खोडून तीन लिहिले. मग घरी येऊन पुन्हा पाच लिहिले. हे मी कबूल करते, कारण त्या वहीत असे बरेच आकडे आहेत.

एका म्हाताऱ्याने त्याच्या मेलेल्या वडिलांचं नाव सांगितलं. राशनकार्डावर अजून आहे म्हणून. "त्याची साखर येते तं तो हाय," तो म्हणाला. पारावर बसलेल्या पोरांनी माझं नावच "सरकार" पाडलं. मी दिसले की एकजण ओरडे, "सरकार, माह्या घरचे दोन बैल लिहा, ते बी येतात बशीत बेल्याले!"

चार दिवसांनी बेरीज झाली. तीनशे अठरा.

मी ती पाच वेळा केली. पाच वेळा तीनशे अठरा. गाव मला नेहमी गजबजलेलं वाटायचं. होळीला, पोळ्याला पाय ठेवायला जागा नसायची. ती सगळी गर्दी म्हणजे एवढीच माणसं? माझ्या वसतिगृहात याहून जास्त मुली जेवत असतील.

चुलतकाकांनी वही हातात घेतली, उलटीच धरली, आणि म्हणाले, "डेपोवाला किती म्हणते?"

"पाचशेच्या वर."

"मंग सातशे लिही. कोण येते मोजाले?"

"काका, खोटं आहे ते."

"आमी जिते हावो ते बी खोटं म्हणून राह्यला ना तो? त्यायनं शून्य लिहिलं, तू सातशे लिही. फिट्टमफाट."

खरं सांगते, मी पेन उचललं होतं. बहीण चुलीपाशी बसून आमचं बोलणं ऐकत होती. तिचं लक्ष माझ्या पेनाकडे होतं. मी सातशे लिहिले नाहीत. त्यात माझा खरेपणा किती आणि पकडले जाऊ ही भीती किती, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या रात्री बहिणीने आपलं अंथरूण माझ्यापासून लांब ओढलं.

सकाळी वही घेऊन मी शेजारच्या गावी सरपंचांकडे गेले. ते बैलगाडीच्या चाकाला वंगण लावत होते. मी सगळं सांगितलं आणि सही मागितली.

ते हात पुसत म्हणाले, "तुमचे तीनशे येगळे लिहून दिले, तं आमचे किती उरतात?"

"तुमचे तुमच्यापाशीच राहतात, काका."

"कशे रायतात? आकडा खाली येते ना. आमाले दवाखाना मंजूर होणार हाय वस्तीच्या आकड्यावर. तुमी लोकं गेले तं तो बी गेला."

"आम्ही जात नाही कुठेच! आमची बस तेवढी पाहिजे आहे."

"बस तं आमाले बी पायजे. आमाले कोण देऊन राह्यलं?"

मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि मला रडू आलं. मला लाज वाटली, पण आलं. सरपंचांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी कधी अर्जी केली व्हती का बशीसाठी?"

सरपंच म्हणाले, "आमाले कोणी सांगतलं नायी."

मी डोळे पुसले. त्यांच्या गावची रजिस्टरातली आबादी, आम्हा तीनशे अठरांना धरून, पाचशेच्या कितीतरी वर होती; आम्हाला वगळलं तर पाचशेच्या आत. त्या एका गावाच्या नावाने अर्ज गेला असता, तर बस केव्हाच येऊ शकली असती. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यात मोजले जात होतो हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्या मोजण्याने काय मिळतं हे त्यांना. मी मात्र पूर्ण सुट्टी घालवून, गावाला वेगळं काढण्याची खटपट करत होते, आणि वेगळं निघालो असतो तर बस कुणालाच मिळाली नसती.

मी वहीतलं मागचं पान फाडलं आणि तिथेच नवा अर्ज लिहिला. त्यांच्या गावाच्या नावाने. सरपंचांनी एवढ्या झटकन सही केली की वंगणाचा डाग कागदावर उमटला. डेपोतल्या बाबूने तो डाग बोटाने खरवडून पाहिला, आबादीचा मंडल ऑफिसचा कागद पाहिला आणि म्हणाला, "ये बात पहले बोलना था ना अम्मा."

बस जूनमध्ये सुरू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. शेजारच्या गावच्या चावडीपर्यंत.

मी परीक्षा देऊन घरी आले होते. मला वाटलं, आता झालं. बा जेवत होता. मी म्हटलं, "शाळेत नाव घालायला उद्या जाऊ."

"बस तं त्या गावाले थांबते."

"अर्धा तास चालायचं आहे, बा."

"मधात नाला हाय. पावसात गाळ किती रायते तुले मायीत नायी का? एकटी पोरगी कशी जाईन?"

"मग?"

बाने भाकरीचा तुकडा तसाच धरून विचार केला. "अजून दोघी असत्या, तं पाठवतो. तिघी मियून जातीन."

मला हसावं की रडावं कळेना. पाचशे म्हणून मी सहा महिने धावले होते. आता बाला दोन हव्या होत्या.

मी पुन्हा दारोदार गेले. यावेळी वही नेली नाही. बहिणीशिवाय पाचवी झालेल्या पोरी गावात चार होत्या. एकीचं लग्न ठरत होतं. एकीची आई म्हणाली, "पेरणी होऊ दे, मंग पाहू," आणि पेरणी झाल्यावर निंदण, निंदणानंतर वेचणी, हे मला तेव्हाच दिसत होतं. तिसऱ्या घरी मी गेले ते त्या मावशीचं, जिने पाच मुलं तीन सांगितली होती. तिची थोरली दारातच उभी होती, वेणी घातलेली, जणू मी येणार हे तिला कुणी सांगितलं होतं.

मावशी म्हणाली, "ने बापा. घरात पाच हायत, एक गेली तं बाकी चौघायचं पायता येईन." यावेळी तिने आकडा चुकवला नाही.

चौथ्या घरी बापाने दारच उघडलं नाही. आतून म्हणाला, "सरकारले सांग, आमी घरी नायी."

मी परत येऊन बाला सांगितलं. एक मिळाली. आपली धरून दोघी.

"दोघीच," बा म्हणाला.

तेव्हा मी ओरडले. त्याआधी आणि त्यानंतरही मी बावर कधी ओरडले नाही. मी म्हटलं, "तुम्हाला सगळ्यांना आकडाच पाहिजे असतो! डेपोवाल्याला पाचशे, सरपंचाला आपले तीनशे, तुम्हाला तीन! आता तिसरी मी कुठून आणू? मी आदिलाबाद सोडून येऊ का हिच्यासोबत चालायला?"

माय आतून बाहेर आली. बहीण तिच्या पाठीशी. बाने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि मिशी पुसली.

"तू येऊ नको," तो म्हणाला. "तिसरी येत नायी तवरोक मी जातो."

पहिल्या दिवशी मी मागून पाहत होते. बा पुढे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चपला हातात. मागे दोघी पोरी, दप्तरं डोक्यावर धरून. नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं, तरी त्याने दोघींना थांबवून आधी काठीने गाळ चाचपला.

त्या वर्षी तिसरी कुणी आली नाही. बा रोज सकाळी गेला आणि रोज संध्याकाळी शेतातलं काम अर्धं टाकून त्यांना आणायला गेला. मला मास्तरांच्या हातची पोस्टकार्डं येत, त्यात त्याच तक्रारी: रस्ता किती वाईट आहे, ड्रायव्हर किती उशिरा येतो, पोरी वाटेत बोरं पाडत किती रेंगाळतात, आणि दार न उघडलेल्या त्या बापाला मी पुन्हा एकदा भेटून विचारावं. बहिणीने एकदा त्याच कार्डाच्या कोपऱ्यात, तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ताई, बा लय भराभर चालते, त्याले सांग.